हरित आकार

मीटरची काच आधी अंगठ्यानं पुसावी लागते,
मग आकडा दिसतो.
भुसावळच्या बाहेर, चिमण्यांच्या सावलीतल्या चार गावांत
गेली नऊ वर्षं माझं हेच काम:
राख पुसणे, फोटो काढणे, पुढचं घर.

पौषात बिलावर एक नवी ओळ आली,
स्थिर आकार आणि वहन आकार यांच्या मधोमध
अंग चोरून बसलेली.
हरित आकार, युनिटमागे वीस पैसे.
कोळसा जाळण्यावरचा कर आहे, साहेब म्हणाले,
कुणी विचारलं तर एवढंच सांगा.

जैतूनबी तडवीनं विचारलं.
आत तिचा सहा वर्षांचा रमजू
तोंडावर प्लॅस्टिकची वाटी धरून
वाफेच्या मशीनशी बसलेला.
घरघर मशीनची आणि घरघर त्याची,
दोन वेगळ्या सुरांतली.
"ह्या मशीनवर बी लागतो का रे भो, हा आकार?"
लागतो.
"म्हंजे धूर बी आम्हीच खायाचा..."
वाक्य तिथंच टाकून ती आत गेली,
पोराची वाटी निसटली होती.

मी उभ्या उभ्या हिशेब केला. सवय आहे.
मशीन शंभर वॉटचं, दिवसाला अर्धा तास,
महिन्याला दीड युनिट.
रमजूची महिनाभराची वाफ, कर तीस पैसे.
तीस पैशांत लिमलेटची गोळीही येत नाही आता.
हे तिला सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही.
घराचे सत्तावन्न युनिट, अकरा रुपये चाळीस;
ते बसवायला ती टाकी पुरवून वापरत होती
आणि संध्याकाळची भाकर चुलीवर गेली होती,
पऱ्हाटीच्या काड्यांवर,
मशीनपासून चार हातांवर.

चैतात तीन नंबरचा जुना संच बंद झाला.
परवडेना म्हणे, कर भरून.
पहिले दोन दिवस गावाला काही कळलं नाही.
तिसऱ्या दिवशी द्वारकाबाई ढाक्यांनी
धाब्यावरून हाक मारली, "वर ये, पाहून जाय!"
जुन्या धोतरावर बिबडे वाळत घातलेले,
ज्वारीचे, चंद्राएवढे, ओळीनं,
आणि एकावरही काळा ठिपका नाही.
लग्न होऊन आल्यापासून त्या बिबडे घालतात,
खाताना दातांखाली कचकच यायचीच.
"राखेची चवच लागून गेलती बापा तोंडाले,"
म्हणाल्या, आणि हसता हसता गप्प झाल्या.
उपकेंद्रातल्या सिस्टरनं मला रजिस्टर दाखवलं,
धाप आणि खोकल्याच्या रकान्यात
पान अर्धं रिकामं.
त्यांनी दोनदा मोजलं होतं,
काही लिहायचं राहिलं की काय म्हणून.

सायबू तडवी, रमजूचा बाप,
राखेचा बल्कर चालवायचा.
दिवसाला चार खेपा होत्या,
संच बंद झाल्यावर एक, मग तीही नाही.
ह्या कराच्या पैशातून गावाला हिस्सा मिळणार,
असं ग्रामसभेत वाचून दाखवलं होतं.
कागद नोटीस फलकावर आहे अजून,
उन्हानं पिवळा पडलाय.

वैशाखात द्वारकाबाईंनी बिबड्यांची पिशवी दिली,
"जैतूनच्या घरी जाशीन तं दे."
मी सवयीनं अंगठा काचेवर फिरवला,
अंगठा कोराच निघाला.
एकोणचाळीस युनिट.
"मशीन दोन-तीन दिवसाआड लागते आता,"
जैतूनबी म्हणाली, "टीव्ही तं बंदच ठेवला."
चूल मात्र पेटलेली होती.

सायबू दारात बसून होता,
हातात लायसनचं पाकीट, उगाच उघडत, मिटत.
त्यानं कराबद्दल काही विचारलं नाही.
एक बिबडा निखाऱ्यावर भाजला, मोडला,
अर्धा रमजूला दिला.
पोरगं कुर्रकुर्र खात अंगणात पळालं,
बाभळीपर्यंत, आणि न थांबता परत.
सायबू त्याच्याकडं बघत राहिला.
मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडं बघून म्हणाला,
"तुमच्याकडं भरती निघाली का रे भो?"